थांबल्यावर अंगात काय असेल? हिमालयासाठी सॅक हलकी करताना

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एक ताई जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन मैत्रिणींसोबत हिमालयातल्या रूपिन पास या खिंडीच्या ट्रेकला निघाल्या आहेत. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान स्थानिक मंडळी नेणार, बाकी ज्याचं त्याने पाठीवर न्यायचं. पाणी न भरताच त्यांची सॅक १४ किलो भरली आणि त्यांचं स्वतःचं वजन आहे ५५. अमेरिकेतल्या ट्रेकर्सच्या याद्यांमध्ये पाणी, खाणं आणि इंधन सोडून सगळं सामान साडेचार किलोत बसवलेलं त्यांनी पाहिलं. तसं आपल्याला जमेल का आणि त्यासाठी काय विकत घ्यावं, असं त्या विचारतात. सोबत स्वतःची यादीही दिली आहे: २.४ किलोची सॅक, २.२ किलोची सिंथेटिक स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, पाच किलोंच्या आसपास कपडे (त्यात प्रवासासाठी जीन्स), जादा बूट, स्टीलचा थर्मास, दोन पॉवर बँक, औषधांचा डबा, प्रसाधनाची पिशवी.

ताई, १४ किलो फार झाले. तुमच्या वजनाचा चौथा हिस्सा होतो तो, आणि ४६५० मीटरच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के असतो. पण साडेचार किलोच्या मागेही लागू नका. साडेसहा ते सात किलो हे तुमच्यासाठी योग्य लक्ष्य आहे. दोन लिटर पाणी आणि दिवसाचा खाऊ धरून साडेनऊच्या आत राहाल. यातले पाच किलो तुम्ही दुकानाची पायरी न चढता घरीच उतरवू शकता. उरलेले दोन सॅक आणि स्लीपिंग बॅग बदलून उतरतील.

आधी त्या अमेरिकन याद्यांबद्दल, कारण आपल्याकडची तरुण मुलं हल्ली त्या जशाच्या तशा उचलतात आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. त्या याद्या लिहिणारी माणसं अनुभवी आहेत आणि त्यांच्या वाटेसाठी त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. ॲपलाचियन ट्रेल साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे, पण तिचा सर्वांत उंच माथा २०२५ मीटरवर. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरची सर्वांत उंच जागा, फॉरेस्टर पास, ४००९ मीटरवर. तिथले लोक पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालतात, दर चार-सहा दिवसांनी एखाद्या गावात उतरतात, आणि मुक्कामाला पोचले की जेवून लगेच झोपतात. दिवसभर चालणाऱ्या माणसाला त्याचं शरीरच उष्णता देतं. म्हणून जाड जॅकेट सोडणं त्यांना परवडतं.

आपल्या हिमालयातल्या ट्रेकचा दिवस वेगळा असतो. उंचीशी जुळवून घ्यायचं म्हणून दिवसाची चाल मुद्दाम छोटी ठेवलेली असते. दुपारी एक-दोनला तुम्ही मुक्कामावर पोचता. तीनच्या सुमाराला ढग भरतात, गारा पडतात, वारा सुटतो. रात्री आठला झोपेपर्यंत पाच-सहा तास नुसतं बसून काढायचे असतात, तेही घामाने ओलसर झालेल्या अंगाने. खिंडीच्या दिवशी तर पहाटे तीन-चारला निघावं लागतं, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. रूपिनच्या शेवटच्या घळीत गाईड पुढे पायऱ्या खोदतो आणि बाकी सगळे एका रांगेत उभे राहतात. पुढच्याचं पाऊल उठल्याशिवाय मागच्याला हलता येत नाही. चढताना घामाघूम झालेली धडधाकट माणसं त्या रांगेत थोड्याच वेळात दात वाजवताना मी पाहिली आहेत. त्यांच्या सॅकमध्ये कपडे भरपूर होते, पण वरच्यावर हाताला लागेल असं एकही गरम कापड नव्हतं.

म्हणून सामान निवडताना एकच प्रश्न धरून बसा: मी थांबले, वारा सुटला आणि अंग ओलं असलं, तर ही वस्तू मला ऊब देईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तिच्या वजनात काटकसर नको. ‘नाही’ असेल तर तिचा प्रत्येक ग्रॅम तपासा.

स्लीपिंग बॅगपासून सुरुवात करू. उंची दर हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जूनच्या सुरुवातीला साडेसहाशे मीटरवरच्या डेहराडूनमध्ये रात्री २२ अंश असले, तर ४००० मीटरवरच्या तुमच्या शेवटच्या मुक्कामी हिशोब शून्यावर येतो. निरभ्र रात्री आणि भोवती बर्फ असताना त्याहून चार-पाच अंश खाली धरायचे. तेव्हा तुम्हाला उणे ५ ची बॅग हवी. पण हा उणे ५ कुठला, ते पाहा. प्रमाणित बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट हा सर्वसाधारण स्त्रीला निवांत झोप लागेल असा आकडा. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून रात्र काढू शकेल तो. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचवण्यापुरता, आणि त्या तापमानाला शरीर धोकादायकरीत्या गार पडण्याची शक्यता असतेच. दुकानात बऱ्याचदा सर्वांत खालचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. तुम्ही फक्त कम्फर्ट बघायचा. ज्या बॅगेवर नुसतं ‘उणे १०’ छापलंय आणि हा यांतला कुठला आकडा ते कुठेच लिहिलेलं नाही, ती घेऊ नका.

पिसांची म्हणजे डाऊनची अशी बॅग ११०० ते १३०० ग्रॅममध्ये मिळते. तेवढीच ऊब देणारी सिंथेटिक बॅग दोन किलोंच्या आसपास जाते. खर्च करायचा तर इथे करा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे कुणाकडून मागून आणा. मुंबईत गिरिविहारसारख्या जुन्या संस्था आहेत, मुलुंडला चक्रम हायकर्स आहेत. अशा मंडळींमध्ये ऊठबस असली की कुणाची ना कुणाची चांगली बॅग त्या आठवड्यात रिकामी असते. पहिल्याच मोठ्या ट्रेकसाठी सगळं नवं घेण्यापेक्षा हे कधीही बरं. डाऊनला ओल चालत नाही एवढं मात्र ध्यानात ठेवा. भिजली की पिसं चिकटून बसतात आणि ऊब संपते. रोज रात्रीच्या श्वासाने आणि घामानेही बॅग थोडी थोडी ओलावते, तेव्हा दुपारी ऊन मिळालं की अर्धा तास तरी ती उलटी करून खडकावर पसरा.

मॅटकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. अंगाखाली बॅगेची पिसं दाबली जातात, त्यामुळे खालून ऊब जवळजवळ फक्त मॅटच देते. तिचं मोजमाप आर-व्हॅल्यूमध्ये असतं. साध्या घडीच्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास, वजन चारशे ग्रॅम. मातीवर ती पुरते, बर्फावर चार-पाच हवी. सोय अशी की आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. फोमखाली आणखी एक पातळ फोम टाकला की दोन्हींची ऊब मिळते. रिकामी केलेली सॅक पायांखाली सरकवली तर आणखी बरं. फुगवायची मॅट हलकी आणि गरम असते, पण तिसऱ्या रात्री पंक्चर झाली की काहीच उरत नाही. तुमच्यासाठी फोमच ठीक.

आता कपडे. पाच किलोंची जागा सव्वादोन किलोंनी घ्यायची आहे. अंगात घालाल ते धरून हिशोब सांगते: चालायला पूर्ण बाह्यांचे दोन सिंथेटिक टी-शर्ट, एक अंगावर आणि एक सॅकमध्ये. ट्रेकिंगची पँट एकच. त्यावर फ्लीस. थर्मलचा एक जोड फक्त झोपण्यासाठी, कोरडाच राहील अशा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि कितीही मोह झाला तरी तो चालताना घालायचा नाही. टोपी असलेलं डाऊन जॅकेट. पावसाचं जॅकेट आणि पावसाची पँट. मोज्यांचे तीन जोड, त्यातला एक लोकरीचा आणि फक्त रात्रीसाठी. कानटोपी, बफ (गळ्या-तोंडावर ओढायची कापडी नळी), आणि हातमोजे दोन प्रकारचे: पातळ आत, वारा-पाणी अडवणारे बाहेर. पाळीची तारीख लांब असली तरी पॅड किंवा कप सोबत असू द्या. उंचीवर आणि श्रमांनी चक्र पुढेमागे होऊ शकतं. वापरलेलं परत आणायला एक जाड पिशवीही घ्या. एवढं पुरतं.

सुती कापड एकही नको. मुंबईच्या दमटपणात सुती कपडे सुखाचे, कारण ते घाम शोषून धरतात. वर तोच धरून ठेवलेला घाम वाऱ्यात तुमची उष्णता ओढून घेतो. जीन्स तर नकोच. त्यातही रूपिनची अडचण अशी की हा ट्रेक उत्तराखंडात धौल्याला सुरू होतो आणि हिमाचलात सांगल्याला संपतो. प्रवासाचे कपडे पायथ्याशी ठेवून परत घ्यायची सोय नाही. मुंबईहून निघताना जी जीन्स घालाल, ती तुम्हाला खिंडीवरून न्यावी लागेल. ट्रेकच्या कपड्यांतच प्रवास करा.

डाऊन जॅकेट घेताना लोक फिल पॉवरचा आकडा पाहून भुलतात. फिल पॉवर म्हणजे पिसं किती फुलतात त्याचं माप. आत पिसं किती ग्रॅम भरली आहेत हा वेगळा प्रश्न, आणि तो विचारायलाच हवा. ८०० फिल पॉवरचं पण ७० ग्रॅम पिसांचं जॅकेट हे ६०० फिल पॉवरच्या १५० ग्रॅमवाल्यापेक्षा कमी गरम असतं. तुम्हाला दुसरं हवं. एकूण वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम झालं तरी चालेल. हे जॅकेट सॅकच्या तोंडाशी ठेवायचं, तळाशी नाही. रांगेत थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, ते इतर सगळ्या कपड्यांवरून चढवायचं आणि चालायला लागण्याआधी काढायचं.

पावसाबद्दल सह्याद्रीतल्या मंडळींना वेगळं सांगावं लागतं. आपण जुलैत राजमाचीला जातो ते भिजायलाच. चिंब भिजून भजी खाऊन शेवटच्या लोकलने घरी येतो आणि काही बिघडत नाही, कारण हवा पंचवीस अंशांची असते. ही सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की वर पहिले चार थेंब पडले तरी लोक सॅकमधून जॅकेट बाहेर काढत नाहीत. हिमालयात भिजण्याआधी जॅकेट चढवायचं. पॉंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) स्वस्त आणि हलका असला तरी खिंडीच्या वाऱ्यात तो तोंडावर उलटतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. जुनं जॅकेट असेल तर दहा मिनिटं बाथरूममध्ये शॉवरखाली घालून उभ्या राहा. खांद्यावरून किंवा चेनमधून पाणी आत आलं, तर ते तुमच्या कामाचं नाही. सॅकच्या रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका, वारा ते उडवतो. आतून मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि सगळं तिच्यात भरा. साठ-सत्तर ग्रॅममध्ये काम होतं.

पायांच्या बाबतीत मात्र वजन कमी असण्याला खरी किंमत आहे. पावलावरचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, त्यामुळे ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त शक्ती खातं. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, एकेक चारशे ते साडेपाचशे ग्रॅमचे बूट घ्या. त्याहून जड चामडी बुटांची या ट्रेकला गरज नाही. सह्याद्रीत आपण ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घालतो आणि ओल्या कातळावर त्यांच्यासारखी पकड महागड्या बुटांनाही नसते, पण बर्फात तीन-चार तास चाललं की ते आतून ओले होतात. जादा बूट घरी ठेवा, मुक्कामावर घालायला हलके सॅंडल पुरतात. मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे बर्फासाठीचे छोटे खिळे) आणि गेटर (बुटांत बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं कापड) गाईडकडून मिळणार आहेत का, हे आत्ताच फोन करून विचारा.

बुटांविषयी एक गोष्ट खास मुंबईकरांसाठी. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो न वापरताही हळूहळू विरत जातो. पाच-सहा वर्षं माळ्यावर डब्यात जपून ठेवलेले, बाहेरून नवेकोरे दिसणारे बूट दुसऱ्या दिवशी तळवा सोडतात. कुणाचे मागून आणणार असाल तर आधी दोन्ही हातांनी वाकवून बघा, अंगठ्याने तळव्याचा मधला थर दाबा. भेगा पडल्या किंवा भुगा सुटला तर नाही म्हणा. बूट ठीक वाटले तरी मे महिन्यात भल्या पहाटे नेरळहून माथेरान किंवा आसनगावहून माहुली असं दोनदा तरी, पूर्ण भरलेली सॅक घेऊन चढून या. उकाडा भयंकर असेल, पाणी जास्त घ्या आणि दहाच्या आत खाली उतरा. खांदे कुठे खुपतात, टाच कुठे घासते, ते तिथे कळलेलं बरं.

सॅक स्वतः २.४ किलोची ठेवायचं कारण नाही. सामान सात किलोंवर आलं की ४५ ते ५० लिटरची, दीड किलोच्या आतली सॅक पुरते. कमरेचा पट्टा मात्र भक्कम हवा. क्रम लक्षात घ्या: आधी सामान कमी करा, मग सॅक घ्या. मोठी सॅक आधी घेतली की ती भरली जातेच.

आता घरी उतरणारे किलो. तुम्ही चौघी आहात, तर औषधांचे चार डबे, टूथपेस्टच्या चार ट्यूब आणि चार सनस्क्रीन कशाला? एकच डबा चौघींचा करा, तो कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. स्वतःची नेहमीची औषधं तेवढी प्रत्येकीने वेगळी ठेवावीत. स्टीलचा थर्मास रिकामाच सातशे ग्रॅम असतो. त्याऐवजी रुंद तोंडाची, गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्या. रात्री तिच्यात उकळतं पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. सकाळी तेच पाणी प्यायला. नळीची पाण्याची पिशवी सह्याद्रीत उत्तम, पण पहाटेच्या थंडीत तिची नळी गोठते. पॉवर बँक प्रत्येकी दहा हजार एमएएचची एक पुरे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन, पॉवर बँक आणि हेडटॉर्च रात्री बॅगेत अंगाजवळ ठेवा. विमानाने जात असाल तर पॉवर बँक केबिनच्या सामानात आणि काठ्या चेक-इनमध्ये.

दोन हलक्या वस्तू मात्र वगळू नका. पहिली, गॉगल. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. कॅटेगरी (काच किती उजेड अडवते त्याचा दर्जा) तीन किंवा चारचा, बाजूने झाकलेला गॉगल हवा. फॅशनचा काळा चष्मा नको. डोळे भाजले की एक-दोन दिवस उघडत नाहीत, आणि खिंडीत ते परवडणारं नाही. दुसरी, हेडटॉर्च, प्रत्येकीची वेगळी. मोबाइलचा उजेड हातात धरून काठी धरता येत नाही.

तंबू आणि चूल तुमच्याकडे नाही, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. पुढेमागे स्वतःच्या बळावर जाल तेव्हा एवढं पाहा: बाजारात मिळणाऱ्या साध्या ब्यूटेनच्या डब्यांतला गॅस शून्याच्या आसपास वायूत रूपांतरित व्हायचा थांबतो. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण हवं. विमानात भरलेला डबा नेता येत नाही, तो तिकडेच घ्यावा लागतो. आणि कितीही थंडी असली तरी बंद तंबूत चूल पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हलक्या सॅकचा एक धोका कुणी बोलत नाही म्हणून सांगते. पाठ हलकी झाली की पाय पळतात. ‘आज बरं वाटतंय, एक मुक्काम गाळू’ असं वाटायला लागतं. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती, हा नियम पाठीवर सात किलो असोत की सतरा, बदलत नाही. मुंबईहून आपण समुद्रसपाटीवरून थेट जातो, आपल्याला तर तो जास्तच पाळायला हवा. डोकेदुखी, मळमळ असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर वाट न बघता, रात्र असली तरी, खाली उतरायचं. वाचवलेली ताकद या कामासाठी राखून ठेवा.

परत याल तेव्हा मुंबईत पाऊस सुरू झालेला असेल. स्लीपिंग बॅग आणि डाऊन जॅकेट त्यांच्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. पंख्याखाली दोन-तीन दिवस पसरा, मधेमधे झटका, पिसांच्या गाठी हाताने मोकळ्या करा, मग मोठ्या सुती पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. बॅग मागून आणलेली असेल तरी देण्याआधी हे सगळं करा. बुटांतले इनसोल काढून बूट वेगळे वाळवा. नव्या बुटांची पावती सांभाळून ठेवा.